हरित लवादात अर्ज करताना: कलम, मुदत आणि नेमकी मागणी

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, म्हणजे बोलण्यातला हरित लवाद किंवा एनजीटी, २०१० च्या कायद्याने १८ ऑक्टोबर २०१० पासून अस्तित्वात आले. मुख्य पीठ दिल्लीत आहे. भोपाळ, पुणे, कोलकाता आणि चेन्नईला विभागीय पीठे आहेत. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यातले वाद पुण्याच्या पश्चिम विभागीय पीठाकडे जातात. पीठावर न्यायिक सदस्याबरोबर पर्यावरणाची जाण असलेला तज्ज्ञ सदस्यही बसतो. दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा इथे जसेच्या तसे बंधनकारक नाहीत. वकील न लावता स्वतः उभे राहता येते.

दार इतके उघडे असूनही पुष्कळ अर्ज पहिल्या दोन तारखांतच निकालात निघतात. कारणे ठरलेली असतात: वाद लवादाच्या कक्षेतला नसतो, मुदत टळलेली असते, नाहीतर मागणी इतकी मोघम असते की देण्याजोगा आदेशच उरत नाही. ही तिन्ही कामे दाखल करण्याआधीची आहेत, म्हणून इथे त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

हा वाद लवादापुढे चालतो का

लवादाच्या कायद्याला पहिली अनुसूची आहे. तिच्यातल्या कायद्यांच्या अंमलबजावणीतून उठलेला दिवाणी वादच इथे चालतो. जल प्रदूषण कायदा १९७४, वन संवर्धन कायदा १९८०, वायू प्रदूषण कायदा १९८१, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६, सार्वजनिक दायित्व विमा कायदा १९९१ आणि जैवविविधता कायदा २००२ हे त्यातले महत्त्वाचे. १९७७ चा जल उपकर कायदाही यादीत होता, पण तो आता रद्द झाला आहे.

यात सगळ्यात मोठे छत्र १९८६ च्या कायद्याचे. घनकचरा, प्लास्टिक, जैववैद्यकीय कचरा, घातक कचरा, ध्वनी, पाणथळ जागा यांचे नियम, सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) अधिसूचना आणि प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देणारी २००६ ची अधिसूचना हे सगळे त्याखाली येते. त्यामुळे गावाच्या कडेला साचलेला कचऱ्याचा डोंगर, खाडीतला भराव, मंजुरीशिवाय चाललेली खाण हे विषय लवादाच्या कक्षेत आहेत.

काय येत नाही, तेही पक्के माहीत हवे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणि भारतीय वन कायदा १९२७ यादीत नाहीत. शहरातल्या झाडांसाठीचा महाराष्ट्राचा १९७५ चा कायदाही नाही. फक्त वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीविरुद्धची तक्रार इथे नेली, तर कक्षेच्या मुद्द्यावरच ती परत येऊ शकते. तीच झाडे पर्यावरण मंजुरीच्या अटी मोडून तोडली असतील, तर मात्र वाद १९८६ च्या कायद्याचा होतो. अर्जात तो तसाच मांडा.

दुसरी चाळणी म्हणजे पर्यावरणाचा ‘महत्त्वाचा प्रश्न’ असणे. कायद्यातले विशिष्ट बंधन थेट मोडले गेले आणि त्याचा फटका एका माणसापलीकडे समाजाला बसला, किंवा पर्यावरणाचे नुकसान गंभीर आहे, किंवा सार्वजनिक आरोग्याची हानी ढोबळमानाने मोजता येते, किंवा परिणाम एखाद्या नेमक्या कामाशी वा प्रदूषणाच्या एका ठरावीक स्रोताशी जोडता येतात, हे दाखवावे लागते. शेजाऱ्याच्या बोअरवेलचे भांडण यात बसत नाही. सात विहिरींना एकाच कारखान्याचे पाणी लागत असेल, तर बसते.

कलम आणि मुदत

तीन कलमे, तीन मुदती. या भागात चूक झाली तर पुढचा कसलाही पुरावा कामी येत नाही.

कलम १४ हे वाद सोडवण्यासाठी आहे: उल्लंघन थांबवा, नियम पाळायला लावा. वादाचे कारण प्रथम घडले त्या दिवसापासून सहा महिने मिळतात. सबळ कारण दाखवले तर आणखी जास्तीत जास्त ६० दिवस. समजा, खाजणात भराव टाकायला १० जानेवारीला सुरुवात झाली. सहा महिने १० जुलैला संपतात आणि वाढीव मुदत ८ सप्टेंबरला. त्यानंतर विलंब माफ करण्याचा अधिकार लवादालाही नाही.

‘प्रथम’ हा शब्द अनेकांना भोवतो. भराव अजून तिथेच आहे, म्हणजे वादाचे कारण रोज नव्याने घडते, असा युक्तिवाद सहसा टिकत नाही. नवे कृत्य, नवी परवानगी किंवा मंजुरीच्या अटीचा नवा भंग झाला असेल, तर त्याची तारीख वेगळी धरता येते. ती अर्जात ठळकपणे मांडा. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, तहसीलदाराकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे तुम्ही पत्रे पाठवत राहिलात म्हणून मुदत थांबत नाही. गावोगावच्या चांगल्या तक्रारी याच समजुतीपायी वाया जातात, आणि त्याचे फार वाईट वाटते. साहेब पाहणीला येणार म्हणून चार महिने, अहवाल येणार म्हणून तीन महिने, आणि मुदत गेलेली.

कलम १५ भरपाईसाठी आहे. पीडितांना भरपाई, नुकसान झालेल्या मालमत्तेची आणि त्या परिसराच्या पर्यावरणाची पूर्ववत दुरुस्ती, या तिन्ही गोष्टी त्याखाली मागता येतात. इथे मुदत पाच वर्षे, वर ६० दिवस. नाला, तळे किंवा खाजण मूळ स्थितीत आणून हवे असेल, तर ती मागणी कलम १५ खाली मांडा. फक्त १४ लिहून थांबलात तर सहा महिन्यांच्या चौकटीत स्वतःलाच अडकवून घ्याल.

कलम १६ अपिलाचे. पर्यावरण मंजुरी दिली किंवा नाकारली, वनजमीन दुसऱ्या वापरासाठी वळवण्याचा आदेश झाला, जल किंवा वायू कायद्याखाली अपील प्राधिकरणाने निर्णय दिला, तर इथे यायचे. मुदत ३० दिवस, वर जास्तीत जास्त ६०. मंजुरी ३ मार्चला कळवली गेली असेल तर पहिले ३० दिवस २ एप्रिलला आणि शेवटची सीमा १ जूनला. ‘कळवली’ म्हणजे तुम्हाला पत्र आले असे नाही. संकेतस्थळावर टाकणे, प्रकल्पाने वृत्तपत्रात जाहिरात देणे, ग्रामपंचायतीत प्रत लावणे यांपैकी जे सगळ्यात आधी झाले, तिथून दिवस मोजले जातात. म्हणून ज्या प्रकल्पाची जनसुनावणी झाली आहे, त्याचे पान मंजुऱ्यांच्या ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर दर आठवड्याला उघडून पाहा आणि मंजुरी दिसली त्या दिवशीच पानाची प्रत तारखेसह काढून ठेवा.

मंजुरीलाच आव्हान द्यायचे असेल तर कलम १६ हाच रस्ता आहे. अपिलाची मुदत हुकली म्हणून तीच मागणी कलम १४ च्या अर्जात घुसवली की प्रतिवादीचा वकील पहिल्याच दिवशी ते दाखवून देतो. मंजुरीच्या अटी मोडल्याची तक्रार मात्र कलम १४ खाली स्वतंत्रपणे करता येते.

कागद गोळा करणे

सरकारी कागदावर उभी असलेली तक्रार सगळ्यात मजबूत. कारखाना असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र आधी मिळवा. अनेक संमतीपत्रे मंडळाच्या संकेतस्थळावरच सापडतात. त्यात उत्पादनाचे प्रमाण, रोज किती घनमीटर सांडपाणी सोडायची परवानगी, ते कुठे सोडायचे आणि मुदत केव्हा संपते हे लिहिलेले असते. पुष्कळदा भंग तिथेच दिसतो: संमती संपलेली, किंवा ‘शून्य विसर्ग’ अशी अट असताना नाल्यात नळी उतरलेली.

उरलेले कागद माहिती अधिकारात मागा. १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट, ३० दिवसांची मुदत. ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहू नका. नेमके मागा: गेल्या तीन वर्षांचे जेव्हीएस (मंडळाने घेतलेल्या संयुक्त दक्षता) नमुन्यांचे विश्लेषण अहवाल, भेटीचे अहवाल, कारणे दाखवा नोटिसा, उत्पादन बंद करण्याचे निर्देश, जप्त केलेल्या बँक हमीचे आदेश, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या) स्वतंत्र वीजमीटरच्या नोंदी. एमआयडीसीकडून त्याच कारखान्याची पाणीबिले मागा. संमतीपत्रात रोज ४० घनमीटर पाणीवापर लिहिलेला आणि बिलात १०० दिसत असेल, तर वरचे ६० घनमीटर गेले कुठे, या प्रश्नाचे उत्तर कारखान्यालाच द्यावे लागते. पर्यावरण मंजुरी असलेल्या प्रकल्पांना सहामाही अनुपालन अहवाल १ जून आणि १ डिसेंबरपर्यंत द्यायचे असतात. तेही मिळवा. पण माहिती येईल तेव्हा अर्ज करू, असे म्हणत मुदत घालवू नका. नंतर आलेला कागद पूरक प्रतिज्ञापत्राने जोडता येतो.

पाण्याचा नमुना तुम्ही घेतला तर जल कायद्याच्या कलम २१ खालचा तो अधिकृत नमुना ठरत नाही. अधिकृत नमुन्याला मंडळाचा अधिकारी, कारखान्याला नोटीस, दोन भागांत विभागलेला आणि मोहोरबंद केलेला नमुना अशी ठरलेली पद्धत आहे. तरी तुमच्या नमुन्याचा उपयोग आहेच: लवादाने अधिकृत तपासणी का करायला लावावी, हे त्यावरून दिसते. घ्यायचा तर नीट घ्या.

तीन जागा हव्यात: विसर्ग मिळतो त्याच्या वरचा प्रवाह, विसर्गाची जागा आणि खालचा प्रवाह. फक्त खालचा नमुना नेला की ‘वरच्या गावाचे सांडपाणी आहे’ हे उत्तर तयारच असते. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच मागवा, कारण प्रत्येक तपासणीची बाटली वेगळी असते. बीओडीसाठी (सेंद्रिय पदार्थ कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) बाटली काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा नको, आणि बर्फाच्या पेटीत साधारण ४ अंश सेल्सिअसला, उजेडापासून लांब ठेवून त्याच दिवशी पोचवा. उशीर झाला की जिवाणू आतल्या आत सेंद्रिय पदार्थ खातात आणि बीओडी खरा होता त्यापेक्षा कमी येतो, म्हणजे तुमचाच पुरावा तुमच्या विरुद्ध जातो. सीओडीच्या (पदार्थांच्या रासायनिक विघटनाला लागणारा ऑक्सिजन) बाटलीत गंधकाम्ल आणि जड धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून सामू (पीएच) २ च्या खाली आणतात. तेल-ग्रीससाठी काचेची बाटली लागते, कारण तेल प्लास्टिकला चिकटून राहते. सामू आणि तापमान जागेवरच मोजा. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त हवी, आणि ती मान्यता नेमक्या त्या चाचणीसाठी आहे का, तेही विचारा. कारखान्याच्या आवारात शिरू नका. सार्वजनिक नाल्यातून किंवा स्वतःच्या शेतातून नमुना घ्या.

अहवाल आला की मानकांशी ताडून पाहा. संमतीपत्रात वेगळी मर्यादा असेल तर ती धरा. नसेल तर जमिनीवरच्या जलप्रवाहात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मानके अशी आहेत: सामू ५.५ ते ९, बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी २५०, तरंगते घन पदार्थ १००, तेल-ग्रीस १०.

फोटो आणि चित्रफितीत जागा, तारीख, वेळ दिसू द्या, आणि मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा. व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या प्रतीत ही माहिती पुसली जाते. पीक किंवा गुरे गेली असतील तर तलाठी आणि कृषी सहायकाचा पंचनामा, पशुवैद्यकाचा दाखला, सातबारावरची पीकनोंद जमवा. ग्रामसभेचा ठराव जोडला की प्रश्न एका घराचा नाही, हे कागदावरच दिसते.

अर्ज लिहिणे

कलम १४ आणि १६ साठी नमुना १, भरपाईसाठी नमुना २. भरपाई मागितली नसेल तर शुल्क १,००० रुपये. मागितली असेल तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, किमान १,०००. म्हणजे ४० लाखांच्या मागणीला ४०,००० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला भरपाईच्या अर्जाचे शुल्क माफ होते. कामकाज इंग्रजीत चालते, तेव्हा मराठी पंचनामे, ठराव, पत्रे यांचे इंग्रजी भाषांतर प्रत्येक कागदामागे लावा. भाषांतर नसणे ही कार्यालयाच्या छाननीत निघणारी नेहमीची त्रुटी. जोडपत्रांवर सलग पृष्ठक्रमांक नसणे आणि अस्पष्ट झेरॉक्स या दुसऱ्या दोन.

सुरुवातीला तारखांची यादी द्या, एका ओळीत एक घटना. मुदतीचा परिच्छेद स्वतंत्र लिहा: वादाचे कारण अमुक तारखेला घडले, अर्ज इतक्या दिवसांत आहे. वाढीव ६० दिवसांत असाल तर विलंबमाफीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह सोबतच द्या. प्रतिवादी म्हणून ज्याच्याविरुद्ध आदेश हवा त्या कारखान्याला किंवा प्रकल्पाला घ्याच. फक्त सरकारी कार्यालये घातलीत तर ज्याला ऐकूनच घेतले नाही त्याच्याविरुद्धचा आदेश सर्वोच्च न्यायालयात टिकत नाही. शिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळ, जिल्हाधिकारी, आणि विषयानुसार राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण, सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण किंवा नगरपालिका.

आता मागणी. ‘संबंधितांवर योग्य ती कारवाई व्हावी’ असे लिहिले की ‘मंडळाने कायद्यानुसार कारवाई करावी’ एवढ्याच आदेशावर अर्ज निकाली निघू शकतो, आणि तुम्ही सुरुवातीला जिथे होता तिथेच परत. मागणी अशी लिहा की ती पाळली की नाही हे नंतर कुणालाही तपासता यावे. अमुक सर्वेक्षण क्रमांकातला भराव ९० दिवसांत काढून भरतीचे पाणी पूर्वीसारखे आत येऊ द्यावे. नाल्यातली विसर्गाची नळी काढून ती जागा पक्के बांधकाम करून बंद करावी. बाधित कुटुंबांना विहिरी सुरक्षित ठरेपर्यंत प्रतिवादीच्या खर्चाने माणशी रोज अमुक लिटर पाणी द्यावे. दर तीन महिन्यांनी नमुना घेऊन अहवाल संकेतस्थळावर टाकावा. काम आजच थांबायला हवे असेल तर अंतरिम अर्ज वेगळा द्या आणि थांबले नाही तर भरून न येणारे नुकसान कोणते, ते सांगा.

पर्यावरणीय भरपाई मागताना कारखान्याची उलाढाल इतके कोटी, म्हणून दंड इतका, असे लिहू नका. उलाढालीचा आणि नुकसानीचा असा दुवा सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात नाकारला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सूत्र वापरा: प्रदूषण निर्देशांक × उल्लंघनाचे दिवस × रुपयांचा गुणक × उद्योगाचा आकार × स्थानाचा गुणक. प्रदूषणाच्या क्षमतेनुसार उद्योगांचे रंगांचे वर्ग आहेत: लाल वर्गाचा निर्देशांक ८०, नारिंगीचा ५०, हिरव्याचा ३०. रुपयांचा गुणक १०० ते ५००, सुचवलेला २५०. लहान उद्योग ०.५, मध्यम १, मोठा १.५. दहा लाखांखालच्या वस्तीसाठी स्थानाचा गुणक १. लाल वर्गातला लहान कारखाना, ६० दिवस: ८० × ६० × २५० × ०.५ × १ = ६ लाख रुपये. ‘दिवस’ हा आकडा तुमच्या नोंदवहीवर ठरतो, म्हणून रंगीत पाणी दिसले त्या प्रत्येक दिवसाची तारीख आणि वेळ लिहून ठेवा. ही रक्कम परिसराच्या दुरुस्तीसाठी असते. स्वतःच्या पिकाची, औषधोपचाराची, बुडालेल्या मजुरीची भरपाई नमुना २ वर, दुसऱ्या अनुसूचीतल्या शीर्षांनुसार वेगवेगळी दाखवून मागावी लागते. त्याच नुकसानीसाठी दुसरीकडे अर्ज केला किंवा पैसे मिळाले असतील, तर तेही सांगावे लागते.

दाखल केल्यानंतर

अर्ज ई-फायलिंगने भरता येतो आणि दृक्‌श्राव्य माध्यमातून हजर राहता येते. पहिल्या तारखेला फार वेळ मिळत नाही. तीन गोष्टी तोंडपाठ ठेवा: कोणत्या कायद्याची कोणती अट मोडली, केव्हा, आणि त्याचा सरकारी कागद कोणत्या पानावर आहे. नोटीस निघाली की ती बजावून तसे प्रतिज्ञापत्र लगेच द्या. ते राहिले म्हणून तारखा पुढे जातात. कायद्यात सहा महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे, पण प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चला.

लवाद बहुधा मंडळ आणि जिल्हाधिकारी यांची संयुक्त समिती नेमतो. खटल्याचे वळण तिथे ठरते. पाहणीची तारीख समजताच लेखी निवेदन द्या: कोणत्या जागा पाहायच्या, कोणत्या विहिरीचे पाणी तपासायचे, विसर्ग कोणत्या वेळी होतो. पाहणीच्या दिवशी उत्पादन बंद ठेवलेले दिसले तर ती गोष्ट अहवालात नोंदवायला सांगा. अहवाल आला की आक्षेप मुदतीत आणि कलमवार द्या. समितीचा अहवाल म्हणजे निकाल नव्हे. स्वतःचे न्यायदानाचे काम लवादाला समितीवर सोपवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. समितीकडे पाठवून प्रकरण बंद होत असेल तर हा निकाल पुढे ठेवा.

अर्ज करण्याची ताकदच नसेल, तर नुसत्या पत्राची किंवा बातमीचीही लवाद दखल घेऊ शकतो. मुंबईच्या देवनार कचराभूमीच्या बातमीवरून सुरू झालेल्या प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा हा अधिकार मान्य केला. पण पत्राचे पुढे काय होईल हे तुमच्या हाती नसते, आणि मुदत चालूच राहते.

खोट्या किंवा त्रास देण्यासाठी केलेल्या अर्जावर कलम २३ खाली खर्च बसतो. अंतरिम मनाईमुळे प्रतिवादीचे झालेले नुकसानही त्यात धरता येते. ऐकीव आरोप अर्जात घालू नयेत ते म्हणूनच.

आदेश हातात आल्यावर

आदेशात उघड चूक असेल तर ३० दिवसांत पुनर्विलोकन. लवादाच्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करता येते, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. उच्च न्यायालयाचा रिटचा अधिकार संपलेला नाही, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे.

बहुतेकांचा खरा झगडा इथून पुढे असतो, कारण अनुकूल आदेश आला म्हणून नाला आपोआप स्वच्छ होत नाही. आदेशातल्या प्रत्येक निर्देशापुढे तो कोणी, किती तारखेपर्यंत पाळायचा हे लिहून तक्ता करा. साक्षांकित प्रत प्रत्येक प्रतिवादीला पोच घेऊन द्या. मुदत संपली की आठवड्याभरात जागेचे नवे फोटो, नवा नमुना आणि ‘काय पालन केले’ असे विचारणारा माहिती अधिकार अर्ज. पालन नसेल तर अंमलबजावणीचा स्वतंत्र अर्ज करा. लवादाचा आदेश कलम २५ खाली दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो. या अर्जात नव्याने काही मागू नका. जुन्या आदेशाचा परिच्छेद क्रमांक, त्यातली तारीख आणि आजची स्थिती शेजारी शेजारी मांडा.